रोडचे शूज स्पिन क्लासला चालतील का? पेडल कुठलं, क्लीट कुठली?

घाटवाट
पावसाळ्याचे चार महिने पुण्यातल्या एका स्टुडिओत आठवड्यातून तीनदा स्पिन क्लास (जागेवरच्या सायकलवरचा व्यायाम) करायचा विचार आहे. रोड बाइकचे तीन बोल्टवाले शूज आहेत, त्यावर पिवळी एसपीडी-एसएल क्लीट (बुटाच्या तळाला लावायचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा). स्टुडिओतल्या पेडलला एका बाजूने टो केज (बूट आत सरकवायचा पट्ट्याचा पिंजरा) आणि दुसऱ्या बाजूने क्लिप आहे, पण माझी क्लीट त्यात बसत नाही. नवे शूज घ्यावेत, स्वतःची पेडल नेऊन लावावीत, की साधे बूट टो केजमध्ये घालून काम भागवावं?

उलटेआटे
आधी ती क्लिप कुठल्या जातीची आहे ते बघा, त्यावर सगळं अवलंबून आहे. पेडलच्या मधोमध लहानसा लोखंडी जबडा असेल तर ते एसपीडी, तुमच्या एसपीडी-एसएलपेक्षा वेगळं. त्याची क्लीट धातूची, अंगठ्याएवढी, दोन बोल्टची. खाच मोठी, त्रिकोणी असेल तर ते बहुधा लुक कंपनीचं डेल्टा. अनेक स्पिन बाइकवर हेच असतं.

डेल्टा असेल तर तुमचे शूज बदलायची गरज नाही. एसपीडी-एसएल, डेल्टा आणि लुकचीच नंतरची कीओ, या तिघांची सोलवरची तीन भोकं सारखीच असतात. क्लीटचा आकार मात्र तिघांचा वेगळा, एकाची दुसऱ्यात अडकत नाही. डेल्टाची लाल क्लीट घ्या, तिला ९ अंशांची मोकळीक असते. काळी घेऊ नका, ती ० अंशाची. टाच जराही हलत नाही आणि बसवताना किंचित चुकलं तरी गुडघा बोलायला लागतो.

एसपीडी असेल तर दोन बोल्टचे वेगळे शूज घ्या. तीन भोकांवर एसपीडी क्लीट बसवायची पट्टी मिळते, पण तिने पाय काही मिलिमीटर वर उचलला जातो आणि फरशीवर चालताना धातू घसरतो. मी तरी त्यात पैसे घालणार नाही.

स्पॅनर१५
स्वतःची पेडल नेणार असाल तर स्टुडिओला विचारूनच. आटे बहुतेक सगळीकडे ९/१६ इंचाचे, त्यामुळे बसतील. पण रोज काढ-घाल केली की क्रँकचे (पेडल धरणाऱ्या भुजेचे) आटे झिजतात आणि मग क्रँकच बदलावा लागतो. सीझनभर एकच बाइक तुमच्या नावाने ठेवणार असतील तरच हा उद्योग करा.

पद्धत: १५ मिमीचा पाना, किंवा पेडलच्या दांड्याच्या आतल्या टोकाला खाच असेल तर ६ अथवा ८ मिमीची ॲलन की. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. गोंधळ होत असेल तर एवढंच लक्षात ठेवा: दांड्याचा वरचा भाग सायकलच्या पुढच्या दिशेला फिरवला की दोन्ही बाजूंची पेडल घट्ट होतात, मागे फिरवला की सुटतात. दांड्यावर एल आणि आर कोरलेलं असतं, ते आधी वाचा. आटे पुसून ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार फेरे बोटांनीच द्या. बोटांनी जात नसेल तर आटा तिरका लागलाय. तिथे पाना लावला की क्रँक गेला. शेवटी ३५ ते ४० न्यूटन मीटरने आवळा. दर फेऱ्याला एकदाच 'टक्' वाजत असेल तर पेडल ढिलं आहे. तसंच चालवत राहिलात तर आटे खाल्ले जातात.

फ्लायव्हील
वरच्या दोघांनी मुख्य गोष्ट सोडली. बहुतेक स्पिन बाइकना फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच, आणि ते चाक, म्हणजे फ्लायव्हील, जड असल्यामुळे तुम्ही थांबलात तरी ते थांबत नाही. रस्त्यावरच्या सवयीने चालत्या पेडलवरून पाय काढायला गेलात तर क्रँक नडगीवर बसतो. आधी रेझिस्टन्सचा नॉब दाबून चाक पूर्ण थांबवा, मग टाच बाहेर फिरवा.

याच कारणासाठी एसपीडी क्लीट निवडताना विचार करा. एसएच-५१ फक्त टाच बाजूला फिरवली की सुटते. एसएच-५६ बऱ्याच दिशांनी सुटते, म्हणून नवख्यांना तीच सुचवतात. पण क्लासमध्ये उभं राहून चालवताना पाय वर ओढला की ती अवेळी सुटू शकते, आणि फिरत्या फ्लायव्हीलवर हे वाईट. माझं मत ५१, आणि पेडलमधल्या क्लीट धरणाऱ्या स्प्रिंगचा ताण कमी. ताणाचा स्क्रू ३ मिमी ॲलन कीने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, दोन्ही पेडलवर सारखेच टिचके मोजून.

घाटवाट
बघितलं, एसपीडीच आहे. नवे शूज येईपर्यंत टो केज वापरली तर? आणि क्लीट कुठे बसवायची?

उलटेआटे
चालेल, पण मऊ सोलचे रनिंग शूज नकोत. सोल पेडलवर दुमडतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत बोटांना मुंग्या येतात. त्यातल्या त्यात कडक, सपाट तळाचे बूट घाला. पाय पुढे कोंबू नका, चवडा पेडलच्या दांड्यावर यायला हवा. पट्टा पाय सरकणार नाही इतपतच आवळा. लेसचं टोक बुटात खोचा, ते क्रँकमध्ये गुंडाळलं जातं.

क्लीटसाठी: बूट घालून अंगठ्यामागचा आणि करंगळीमागचा उंचवटा चाचपा, दोन्हींवर बाहेरून खूण करा. क्लीटचा मध्य त्या दोन खुणांच्या मधोमध. पिंडरी किंवा टाचेमागची शीर ताणली जात असेल तर २-३ मिमी मागे घ्या. बोल्टला ग्रीस लावून ४ मिमी ॲलन कीने ५ ते ६ न्यूटन मीटर आवळा. सोलचं रबर पेडलला अडत असेल तर क्लीट नीट लागत नाही. तेवढी कड कटरने तासा.

आणि सीट पुन्हा मोजा. रोडच्या पेडलचं माप इथे जसंच्या तसं लागू होत नाही. पेडल सर्वात खाली असताना त्यावर टाच ठेवा: गुडघा सरळ आणि कंबर न डुलता पाय पोचला पाहिजे.

स्पॅनर१५
पहिल्या दोन-तीन क्लासनंतर क्लीटचे बोल्ट पुन्हा तपासा. घामाने ते गंजतात, खाचेत माती बसते आणि ॲलन की गोल फिरते. आधी सुईने खाच साफ करा. एक बोल्ट पडला तर टाच फिरवल्यावर क्लीट जागेवर राहते, नुसता बूट फिरतो आणि पाय सुटतच नाही. अशा वेळी चाक थांबवून बूट काढून पाय बाहेर घ्या, आणि पेडलला अडकलेला बूट मागाहून सोडवा.