'ब्रिक लेन' वाचताना तुमच्या घरातलं कोण दिसलं?

मोनिका अली यांची 'ब्रिक लेन' ही कादंबरी 2003 मध्ये आली आणि त्याच वर्षी बुकरच्या अंतिम यादीत पोचली. पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समध्ये, ब्रिक लेन या रस्त्याजवळच्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या बांगलादेशी मुस्लिम कुटुंबाची ही गोष्ट. मैमनसिंग जिल्ह्यातल्या खेड्यातून लग्न होऊन आलेली नाझनीन, चाळिशीतला नवरा चानू, शहाना आणि बीबी या दोन मुली, आणि तिकडे ढाक्यात, पळून जाऊन लग्न केलेली बहीण हसीना. 2007 मध्ये या कादंबरीवर चित्रपट आला. त्यात चानू झाले होते आपले सतीश कौशिक, आणि नाझनीन तनिष्ठा चटर्जी.

या पुस्तकाची समीक्षा भरपूर झाली आहे, ती इथे नको. मला हवंय ते असं, की वाचताना तुम्ही कुठे थांबलात आणि कोणाची आठवण आली. मुस्लिम वाचकांनी तर नक्की लिहा. त्यांच्या घरांबद्दल आपल्याकडे बाकीचेच जास्त बोलत असतात. कथानक आणि शेवट दोन्ही उघड होणार आहेत, पुस्तक वाचायचं असेल तर आधी वाचून या.

मूळची सांगलीची, नंतर टेक्सास

नाझनीन खिडकीतून समोरच्या इमारतीतल्या, अंगभर गोंदवलेल्या बाईकडे बघत बसते. दोघींची ओळख कधीच होत नाही. त्या पानांवर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

मी लग्न होऊन डॅलसजवळच्या उपनगरात आले. फुटपाथ नाही, गाडीचं लायसन्स नाही, आणि एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नाही. 2015 मध्ये नियम बदलला, ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्यांच्या जोडीदारांना परवानगी मिळायला लागली. मी त्याच्या आधीची. समोरच्या ब्लॉकमधली म्हातारी सकाळी बाल्कनीत यायची आणि कुंडीतल्या झाडाची पिवळी पानं खुडून एका मगमध्ये गोळा करायची. कधी दिसली नाही तर माझा दिवस वाईट जायचा.

नाझनीनचं बंड म्हटलं की सगळे करीमचं, म्हणजे तिच्या तरुण प्रियकराचं, प्रकरण काढतात. मला तिचं बंड फार आधी दिसलं. चानूच्या सँडविचमध्ये ती तिखटजाळ मिरच्या घालते, न धुतलेले मोजे परत खणात ठेवते, त्याच्या पायाचं कुरूप कापताना पातं मुद्दाम सरकू देते. मी डाळीत हिंग घालायचं बंद केलं होतं. नवऱ्याला कळलंसुद्धा नाही. मला मात्र प्रत्येक घासाला कळायचं. एवढी बारीक गोष्ट कोणी कादंबरीत लिहील असं मला वाटलं नव्हतं. माझा धर्म वेगळा, देश वेगळा, शिक्षण तिच्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि तरीही त्या फ्लॅटमधली हवा मला ओळखीची होती.

खेड तालुका, रत्नागिरी, सध्या मस्कत

आम्ही कोकणी मुसलमान. आमच्याकडे घरटी एक माणूस बाहेर, हे कित्येक पिढ्यांचं. पणजोबा गोऱ्यांच्या बोटीवर खलाशी होते. लंडनमधल्या सिलहटी, म्हणजे बांगलादेशातल्या सिलहटकडच्या लोकांच्या वस्तीची सुरुवातसुद्धा अशाच बोटीवरच्या लोकांनी झाली, त्यामुळे ब्रिक लेनवरची माणसं मला लांबची वाटली नाहीत.

पण मी लिहितोय ते चानूसाठी. लोक त्याला हसतात. जाडा, बडबड्या, भिंतीवर सर्टिफिकिटं लावणारा, बढती आता येईलच म्हणणारा. मला एकदाही हसू आलं नाही, कारण तो माणूस आमच्या पडवीत बसायचा.

अब्बा कुवेतमध्ये एका कंपनीत स्टोअरकीपर होते. 2 ऑगस्ट 1990 ला इराकी फौजा घुसल्या. अब्बा मिळेल त्या गाडीने इराकमधून जॉर्डनला, तिथे तंबूत, आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. येताना हातात एक प्लास्टिकची पिशवी. आत पासपोर्ट आणि सर्टिफिकिटं. टायपिंगचं, स्टोअरकीपिंगच्या कोर्सचं, कंपनीने दिलेलं उत्तम सेवेचं. कडा घामाने पिवळ्या झालेल्या आणि स्टेपलरच्या पिनेचा गंज दोन कागदांवर उतरलेला. पुढे अब्बांनी ती खेडच्या बाजारात नेऊन लॅमिनेट करून आणली, गंजासकट.

मग सुरू झालं वाट बघणं. व्हिसा पुढच्या महिन्यात येतोय. एजंटचं पत्र आलंय. कंपनी परत उभी राहतेय. संध्याकाळी ते आम्हाला बसवून जगाचं राजकारण समजावायचे, तेलाचे भाव कसे ठरतात, अमेरिकेच्या मनात काय आहे. अम्मी ऐकत ऐकत मासे साफ करत राहायची. अखेर त्यांनी सहा आसनी चालवायला घेतली, भरणे नाक्यावरून. चानू मिनिकॅब चालवायला लागतो ते प्रकरण मी एका बैठकीत वाचू शकलो नाही.

आणखी एक. चानू-नाझनीनचा मुलगा राकिब आजारी पडतो तेव्हा चानू घरी स्वयंपाक करून हॉस्पिटलमध्ये घेऊन येतो. मूल जातं. त्या दिवसांतला चानू ज्यांनी वाचला ते त्याला विदूषक कसे म्हणू शकतात?

मुंब्रा

आम्ही परदेशात कधी गेलो नाही. पण 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतलं घर सोडून मुंब्र्याला आलो. त्यामुळे ज्या घरात आपण राहतो ते आपलं नव्हेच, असं वाटत राहणं मला चांगलं माहीत आहे.

मी वाचलं ते शिलाईसाठी. करीम कपड्यांचे गठ्ठे आणून टाकतो, नाझनीन घरीच चेन लावते, पट्ट्या शिवते. आमच्याकडे कुर्ते यायचे, मणी आणि टिकल्या लावायला. दर डझनावर. आई, मी आणि धाकटी, तिघी चादर पसरून बसायचो. टिकली गाळ्याच्या पांढऱ्या ट्यूबलाइटमध्ये नीट दिसते आणि संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली दिसत नाही, म्हणून आई चारच्या आत काम उरकायला बघायची. ठेकेदार एकेक कुर्ता उजेडात धरून बघायचा आणि डाग दाखवून पैसे कापायचा.

नाझनीन त्या पैशांतून हसीनासाठी साठवते. नवरा कर्ज काढतो आणि वसुलीला मिसेस इस्लाम येतात, व्याज मागणाऱ्या. अशी एक खाला आमच्या बिल्डिंगमध्ये होती, म्हणून मी दचकले. धार्मिक दिसणाऱ्या बाईचं हे रूप दाखवायला धाडस लागतं. शेवटी नाझनीन तिला कुराणावर हात ठेवून व्याज नाही असं सांगा म्हणते, आणि तिला ते जमत नाही. ते वाचून मी आईला हाक मारली आणि तो भाग तोंडी सांगितला.

लेस्टर, जन्म इथलाच

माझं मराठी आईने तपासून दिलंय. मी शहाना आहे. चानू मुलींना बंगालच्या गौरवाची कविता पाठ करायला लावतो आणि चुकलं की चिडतो. आमची रविवारची मराठी शाळा आठवली. शहाना हट्टी आहे असं माझ्या आईचं मत आहे. मला वाटतं, ती एकटीच त्या घरात खरं बोलते. चानूला सगळ्यांना घेऊन बांगलादेशात परत जायचंय, पण ज्या देशात ती कधी गेलीच नाही तिथे तिला 'परत' कसं नेणार?

करीमचंही एक सांगायचंय. तो बंगालीत अडखळतो आणि इंग्रजीत सरळ बोलतो. माझं आजीशी फोनवर असंच होतं.

टॉवर हॅम्लेट्समध्ये बरीच वर्षं शिक्षिका, मूळच्या पुण्याच्या

वरचं सगळं मनापासून वाचलं, तरी थोडं वेगळं मांडते. माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं सिलहटी घरांतली होती, आणि त्यांचे आईवडील या पुस्तकावर नाराज होते. चानू सिलहटी लोकांना अडाणी, गावंढळ म्हणतो. ते मत चानूचं आहे, लेखिकेचं नाही, हे मला कळतं. पण ज्यांच्याबद्दल आधीच कोणी चांगलं लिहीत नाही, त्यांच्याबद्दल सगळ्या देशात गाजलेल्या पुस्तकात हे छापून आलं तर ते टोचणारच. 2006 मध्ये चित्रीकरणाला तिथल्या रहिवाशांनी विरोध केला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना सरळ असहिष्णू ठरवलं. ते मला आजही पटत नाही.

त्या गल्लीचा इतिहास या लोकांनी अंगावर झेलला आहे. 4 मे 1978 ला अल्ताब अली हा तरुण शिवणकामगार कामावरून घरी जाताना वर्णद्वेषातून मारला गेला. त्याच्या शवपेटीमागे हजारो लोक चालत गेले. आज तिथल्या बागेला त्याचं नाव आहे. ब्रिक लेनवरची मशीद बघा: फ्रान्समधून पळून आलेल्या ह्यूगनॉट, म्हणजे प्रोटेस्टंट लोकांनी 1743 मध्ये बांधलेलं चर्च, पुढे मेथॉडिस्टांचं, मग ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आणि 1976 पासून मशीद. प्रत्येक वेळी नवे लोक आले आणि तीच वास्तू वापरत राहिले. माझ्या वर्गातली मुलं शुक्रवारी तिथूनच शाळेत परत यायची.

दुसरी तक्रार हसीनाच्या पत्रांबद्दल. दोघी बहिणी एकमेकींना बंगालीतच लिहिणार ना? मग तिची पत्रं तुटक्यामुटक्या इंग्रजीत का? आपल्या भाषेत बाई इतकी चाचरत नाही. गारमेंट फॅक्टरीतून बदनाम करून काढलेली, रस्त्यावर आलेली ही बाई माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात खोल पात्र आहे, आणि तिच्याच तोंडी नीट वाक्य दिलेलं नाही.

छत्रपती संभाजीनगर

वरच्या बाईंना उत्तर. माझी धाकटी बहीण घरातून निघून गेली, तिची पत्रं यायची. शाळा सुटलेली, त्यामुळे अर्धी वाक्यं, विरामचिन्हं नाहीत, मधेच दुसरा विषय. हसीनाची पत्रं मला तंतोतंत तशी वाटली. जास्त लिहवत नाही.

पुन्हा टेक्सास

खेडच्या दादांनी चानूबद्दल लिहिलेलं वाचून शेवट परत काढून वाचला. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नाझनीन मुलींना घेऊन लंडनमध्ये राहते आणि तो एकटा ढाक्याला जातो, याचा मला नुसता आनंद झाला होता. तिने करीमलाही नकार दिला याचा तर फारच. आता चानू विमानतळाकडे निघतो ते वाचताना घशाशी आलं. पण निर्णय तिचा बरोबरच आहे, त्यात मी तसूभर बदल करणार नाही. दादा, तुम्हाला काय वाटतं?

पुन्हा खेड, मस्कत

ताई, मला तिचा निर्णय पटतो आणि त्रासही होतो. तो ढाक्यात साबणाचा धंदा करतो, फोन करतो, एवढंच आपल्याला कळतं. त्याच्या त्या खोलीबद्दल कोणी लिहिलं तर मी पहिल्या दिवशी विकत घेईन.

गेल्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा अम्मीला पूर्ण गोष्ट सांगितली. अब्बा आता नाहीत. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मी विचारलं, तू असतीस तर काय केलं असतंस? म्हणाली, "मी गेले असते त्याच्यासंगती." मग थोडा वेळ गेला आणि म्हणाली, "पण त्या बाईसारखे शिलाईचे पैसे माझ्या हातात असते, तर काय केलं असतं ते नाय सांगता येत."