मदत हवी आहे : मुलीला दमा आहे, शाळेत पंप कुणाजवळ ठेवावा?

नमस्कार.

माझी मुलगी यंदा तिसरीत जाईल. तिला चौथ्या वर्षापासून दमा आहे. घरातील वडीलधारी मंडळी अजूनही ‘बाळदमा आहे, वयानुसार जाईल’ असे म्हणतात, पण डॉक्टरांनी निदान स्पष्ट सांगितलेले आहे. आम्ही चिपळूणला राहतो, त्यामुळे जूनच्या मध्याला शाळा आणि पाऊस एकदमच सुरू होतात. गेल्या वर्षी शाळेच्या दुसऱ्याच आठवड्यात तिला सर्दी झाली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ती अंथरुणात दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून बसलेली दिसली. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधील कातडी आत ओढली जात होती, आणि ‘आई, पाणी’ हे दोन शब्द म्हणायला तिला मध्ये थांबावे लागले. दोन रात्री रुग्णालयात काढाव्या लागल्या.

चूक आमचीच होती. मे महिनाभर ती आजोळी होती, खोकला नव्हता, म्हणून रोजचा बुडेसोनाइडचा पंप आम्ही परस्पर बंद केला. हे औषध श्वासनलिकांची सूज हळूहळू उतरवते आणि ते थांबवले की मूल वरवर ठणठणीत दिसत असतानाच सूज पुन्हा वाढू लागते. मग वर्गातील पहिली सर्दी निमित्ताला पुरते. यंदा सुट्टीत एकही दिवस चुकवलेला नाही. फ्लूची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने मे महिन्यातच दिली. गणवेशाला डांबराच्या गोळ्यांचा वास होता, तो धुऊन उन्हात वाळवला. घरात उदबत्ती आणि डासांची कॉइल बंद केली, जे सासूबाईंना पटवणे मुलीला औषध देण्यापेक्षा अवघड गेले.

अडचण शाळेची आहे. तेथील नियमानुसार मुलांची औषधे कार्यालयातील कुलूपबंद कपाटात ठेवावी लागतात, किल्ली लिपिकांकडे असते आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. धाप लागलेल्या मुलीने जिना उतरून किल्लीची वाट पाहावी, हे मला पटत नाही. शिवाय वर्गाच्या पश्चिमेकडील भिंतीला ओल आहे, खिडकीखाली काळपट बुरशी दिसते, आणि शेवटच्या तासाला मुलेच केर काढतात. शाळेशी न भांडता हे कसे मांडावे? ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १

ताई, मी प्राथमिक शाळेत शिकवते. तोंडी विनंती करू नका, लेखी अर्ज द्या आणि सोबत डॉक्टरांच्या सहीचा एक कागद जोडा : कोणती लक्षणे दिसल्यावर साल्ब्युटामॉलचा (धाप लागल्यावर श्वासनलिका लगेच मोकळ्या करणारा) पंप द्यायचा, किती वेळा, किती मिनिटांनी पुन्हा, आणि कधी न थांबता १०८ ला फोन करायचा. कुलपाचा नियम बहुधा चुकीचे औषध दिले जाईल या भीतीपोटी केलेला असतो. सही पाहिली की ती भीती बरीच उतरते. आमच्याकडे असा पंप वर्गशिक्षिकेच्या टेबलाच्या खणात असतो आणि सहलीलाही सोबत जातो. मुलीलाच बाईंसमोर करून दाखवायला सांगा : पंप हलवणे, स्पेसरला (औषध ज्यातून ओढायचे त्या प्लॅस्टिकच्या नळकांड्याला) लावणे, एक दाब, मग पाच-सहा संथ श्वास. मी प्रथम पाहिले तोवर पंप थेट तोंडात मारायचा असे समजत होते! स्पेसर रुमालाने पुसू नका, कारण घासल्याने प्लॅस्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध आतच चिकटते. साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळू द्यावा. भिंत शाळा लगेच दुरुस्त करणार नाही, पण बाक बदलून मिळेल आणि केर मुले गेल्यावर काढता येईल. एवढे मागा, मिळते.

प्रतिसाद २

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. माझ्या मुलालाही दमा आहे. येथे १ ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना साल्ब्युटामॉलचा एक जादा पंप आणीबाणीसाठी स्वतःजवळ ठेवता येतो आणि पालकांची लेखी संमती असल्यास तो मुलाला देता येतो. शाळा सप्टेंबरमध्ये उघडतात आणि त्याच महिन्यात मुलांचा दमा उसळतो, त्यामागे मुख्यतः सर्दीचे विषाणू असतात. म्हणजे तुमचा जून तो आमचा सप्टेंबर. पंपावरील मात्रांचा आकडा आणि मुदतीची तारीख शाळा उघडण्यापूर्वी पाहून घ्या. आमच्या खणात एकदा रिकामाच पंप निघाला होता.

मूळ लेखिका

दोघांचेही आभार. आज अर्ज आणि डॉक्टरांचा कागद दिला. खणात पंप ठेवायला मुख्याध्यापक तयार झाले, बाकही बदलणार आहेत. केराचे मात्र ‘बघू’ म्हणाले. आता एकच प्रश्न उरला आहे. धावल्यावर तिला घरघर होते, म्हणून डॉक्टरांनी खेळाच्या तासाआधी पंधरा मिनिटे पंप घ्यायला सांगितला आहे, पण तो तास मधल्या सुट्टीनंतर लगेच असतो आणि सुट्टीत बाई वर्गात नसतात. आठ वर्षांच्या मुलीला रोज आठवण राहावी यासाठी आपण काय केलेत?