'घेतलेली बरी' म्हणजे घ्यायचीच का?

अर्धविराम
ताईचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. अर्ली स्टेज आहे, गाठ पूर्ण निघाली, कापलेल्या भागाच्या कडा क्लिअर आल्या, म्हणजे तिथे कॅन्सरच्या पेशी नाहीत, सगळं ठीक. परवा डॉक्टर केमोबद्दल म्हणाले "घेतलेली बरी" आणि पुढच्या पेशंटची फाइल उघडली. तेव्हापासून घरात या दोन शब्दांवर महाभारत चालू आहे. आई म्हणते डॉक्टरांनी घ्यायला सांगितलीये, ताई म्हणते सांगितली नाही, सुचवलीये. आणि भावजी म्हणतात गाठ काढलीच आहे तर आता केमो मारणार कशाला? मला उपचाराचा सल्ला नकोय, तो तिचे डॉक्टर देतील. पण 'घेतलेली बरी' याचा मराठीत नक्की अर्थ काय आणि फाइलवर जे 'ॲडज्युव्हंट केमो' लिहिलंय त्याला आपल्याकडे शब्द काय, एवढं सांगा.

पानगळ
'घेतलेली बरी' ही तुलना आहे हो, फक्त तुलनेचं दुसरं टोक गिळलेलं आहे. न घेण्यापेक्षा घेतलेली बरी. छत्री घेतलेली बरी हे आपण धो धो पाऊस असतानाही म्हणतो आणि आभाळात एक ढग नसतानाही म्हणतो, वाक्य तेच. म्हणजे काटा कुठल्या बाजूला झुकलाय ते कळतं, किती झुकलाय ते कळत नाही. 'घ्यायलाच हवी' किंवा 'घ्यावी लागेल' असतं तर तुमच्या आई बरोबर. इथे दोघीही बरोबर आहेत, म्हणून तर भांडण मिटत नाहीये.

जुनाकोश
ॲडज्युव्हंट हा लॅटिनमधून आलाय, मूळ अर्थ मदत करणारा. मुख्य उपचार ऑपरेशन आणि त्याच्या मदतीला मागून येणारी ती ही केमो. म्हणून सहायक किंवा पूरक. मी पूरक म्हणेन, कानाला बरा वाटतो.

रिपोर्टवाली
पूरक नको! मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते, माणसं काउंटरवर काय काय समजून येतात ते रोज ऐकते. पूरक म्हटलं की लोकांना टॉनिक वाटतं, किंवा काढे, योगा, असलं काहीतरी, घेतलं तर घेतलं. सहायक ठीक. पण सहायकवरून मग निओॲडज्युव्हंटला 'नवसहायक' करतात ते भयंकर आहे, ती ऑपरेशनच्या आधी देतात, त्यात नवीन काही नाही. पूर्वसहायक म्हणा.

आणि भावजींना सांगा, काढली ती दिसणारी गाठ. ऑपरेशनच्या आधीच काही पेशी रक्तातून कुठे जाऊन बसल्या असतील तर त्या कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाहीत, केमो त्या 'असल्या तर' साठी असते. हा 'असल्या तर' फार महत्त्वाचा, बऱ्याच जणींच्या नसतातच.

आता जरा विषयांतर, पण गाठ हा शब्द आपल्याकडे फार घोळ घालतो. ब्रेस्टमधली ती गाठ आणि काखेतल्या लसग्रंथी त्याही गाठी. एका पेशंटचा मुलगा रिपोर्ट हातात धरून नाचायचाच बाकी होता, "गाठी निगेटिव्ह आल्या, म्हणजे कॅन्सर नव्हताच!" अरे बाबा काखेतल्या निगेटिव्ह. आणि त्याच पानावर खाली हार्मोन पॉझिटिव्ह वाचून तोंड उतरलं, वास्तविक ते चांगलं, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढणारी आणि हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या चालतात. तसंच ग्रेडचं. ग्रेड ३ वाचलं की तिसरी स्टेज झाली म्हणून रडारड. स्टेज म्हणजे किती पसरलाय, ग्रेड म्हणजे पेशी मूळच्या पेशींपेक्षा किती बिघडलेल्या दिसतात. स्टेज १ आणि ग्रेड ३ एकाच बाईला असू शकतं.

खडूफळा
मला वाटतं खरी मेख 'बरी' मध्ये नाही, 'फायदा' मध्ये आहे. डॉक्टरांना विचाराल किती बरी, तर ते टक्के सांगतील आणि टक्के कशाचे ते विचारायचं राहून जाईल. समजा (आकडे मी मनाने घेतोय, ताईंचे नाहीत) शंभर जणींनी नुसत्या गोळ्या घेतल्या तर १२ जणींना दुखणं उलटणार आणि वर केमोही घेतली तर ८ जणींना. आता कोणी म्हणेल धोका ३३ टक्क्यांनी कमी झाला, कोणी म्हणेल फायदा ४ टक्के. दोघंही खरं बोलतायत पण ऐकणारीच्या पोटात वेगवेगळा गोळा येतो. शंभरातल्या ८८ केमोशिवायही ठीकच असणार होत्या, ८ जणींना घेऊनही उलटणार, मधल्या ४ जणींचा फायदा. पण केस शंभर जणींचे जाऊ शकतात, थकवा, उलट्या, बोटांना मुंग्या हेही शंभरातल्या कोणालाही. आणि त्या ४ कोण हे आधी कोणीच सांगू शकत नाही, म्हणून निर्णय अवघड, मराठी कच्चं म्हणून नव्हे.

जुनाकोश
दुखणं उलटणं! व्वा. माझी आजी ताप उलटला म्हणायची. पुस्तकात पुनरावृत्ती लिहितात, ते मला पुस्तकाचीच आवृत्ती निघाल्यासारखं वाटतं.

आणि रिस्कला जोखीम की धोका? धोका म्हणजे समोर साप. जोखीम जरा सौम्य. पण पूर्वी दागिन्यांनाही जोखीमच म्हणायचे, अंगावर जोखीम घेऊन फिरू नकोस वगैरे. पूरक मी मागे घेतो बरं का, रिपोर्टवाली ताईंचं पटलं.

रिपोर्टवाली
खडूफळा, अगदी. आणि त्या ४ कोण हे पूर्ण नाही पण थोडं आता चाचपता येतं. हार्मोन पॉझिटिव्ह, हर टू निगेटिव्ह (हर टू हे पेशींवरचं एक प्रोटीन, ते जास्त नसणं) असेल तर गाठीच्या नमुन्यावर २१ जीन्सची ऑन्कोटाइप डीएक्स टेस्ट करतात, स्कोअर ० ते १०० मध्ये येतो, जितका जास्त तितकी उलटण्याची शक्यता जास्त. टेलरएक्स नावाच्या अभ्यासात १०,२७३ बायका होत्या, काखेतल्या गाठी निगेटिव्ह असलेल्या. २०१८ ला निकाल आला की स्कोअर ११ ते २५ असलेल्या बहुतेक जणींना गोळ्यांच्या वर केमोचा वेगळा फायदा नाही. ५० किंवा त्याखालच्या वयात मात्र १६ ते २५ स्कोअरला थोडा फायदा दिसला, त्यामुळे शेजारणीचा स्कोअर आपल्याला लावू नये. ट्रिपल निगेटिव्ह (दोन्ही हार्मोन आणि हर टू, तिन्ही निगेटिव्ह) किंवा हर टू पॉझिटिव्हचं गणितच निराळं, तिथे 'घेतलेली बरी' बरंच जोरात म्हटलेलं असतं.

अर्धविराम
आज परत गेलो होतो. ताईने वहीत लिहून नेलं होतं, "माझ्यासारख्या शंभर जणींत केमो न घेता किती जणींना उलटेल, घेतली तर किती जणींना?" डॉक्टरांनी वही स्वतःकडे ओढली, थोडा वेळ बघितलं आणि खाली तिचं वय ५६, पाळी गेलेली, हार्मोन पॉझिटिव्ह, हर टू निगेटिव्ह असं ओळीने लिहिलं. मग म्हणाले तुमच्या बाबतीत फरक शंभरात दोन-तीनचा असेल, कदाचित तेवढाही नाही, टेस्ट करू आणि मग बोलू. म्हणजे 'घेतलेली बरी' हे बिनढगाच्या आभाळातल्या छत्रीच्या जवळचं निघालं. ताईने विचारलं मग तेव्हा तसं का म्हणालात, तर म्हणाले सवयीने. आईला अजून पटलेलं नाही, ती म्हणते दोन-तीनात तूच असलीस तर? त्याला ताईकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. नमुना टेस्टला गेलाय.

जाता जाता, केमो ती की तो? डॉक्टर 'केमो दिली' म्हणतात, नर्स 'केमो दिला'.

पानगळ
थेरपी धरली तर ती, डोस धरला तर तो. सिस्टरच्या हातात डोस असतो.