कांदा-चीजचा टार्ट: तळ ओला राहतो, आणि एक बिनअंड्याचाही हवा आहे. सल्ला द्या

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. गेल्या ऑक्टोबरात स्टुटगार्टला नणंदेकडे होते. त्या दिवसांत तिकडच्या बेकऱ्यांत झ्विबेलकूखन मिळतो, म्हणजे कांद्याचा खारा टार्ट. नणंदेने घरी केलेला तर अजून जिभेवर आहे.

नाशिकला आल्यावर दोनदा करून पाहिला. दोन्ही वेळा वरून छान सोनेरी, पण कापल्यावर खालची पारी कच्च्या कणकेसारखी आणि सारणाला पाणी सुटलेलं. मैदा 200 ग्रॅम, नेहमीचं खारं बटर 100 ग्रॅम, चार मोठे कांदे दहा मिनिटं परतून, तीन अंडी, 200 मिली क्रीम, चीजचे सहा क्यूब किसून आणि चवीला मीठ. पारी काचेच्या भांड्यात लावली, त्यात सारण ओतलं आणि 28 लिटरच्या ओटीजीत 180 अंशांवर 40 मिनिटं भाजलं.

पुढच्या रविवारी घरी आठ जण जेवायला आहेत. सासूबाई अंडं खात नाहीत. त्यांना सगळ्यांच्या बरोबरीने तेच खायला मिळावं असं फार वाटतं, म्हणून एक बिनअंड्याचाही करायचा आहे. कुठे चुकतंय?

रानजाई
गोदाकाठ, चूक कांद्यापासून सुरू झाली आहे. कांद्यात दहापैकी जवळजवळ नऊ भाग पाणी असतं. दहा मिनिटांत तो नरम पडतो, पण पाणी आतच राहतं, आणि ओव्हनमध्ये ते सारणात उतरतं.

एका टार्टला 700 ते 750 ग्रॅम कांदा घ्या. पातळ उभा चिरा. जाड बुडाच्या पसरट कढईत दोन चमचे बटर आणि चमचाभर तेल, त्यात कांदा आणि चिमूटभर मीठ. पहिली 10-12 मिनिटं झाकण ठेवून मंद आचेवर, म्हणजे तो स्वतःच्याच पाण्यात शिजतो. मग झाकण काढा आणि अर्धा तास तरी परतत राहा. बुडाला लागायला लागला की पाण्याचा हलका हबका मारून खरवडून घ्या, तो तपकिरी भागच खरी चव देतो. कढईभर कांदा मोठ्या वाटीभर उरला, उलथणं फिरवल्यावर मागे पाणी दिसेनासं झालं, की झाला. बिर्याणीवर घालतो तसा कुरकुरीत करायचा नाही, मुरंब्यासारखा मऊ हवा. मग ताटात पसरून पूर्ण गार करा. गरम कांदा पारीत घातला तर बटर आधीच वितळतं.

लवकर रंग यावा म्हणून कुणी खायचा सोडा घालायला सांगेल. रंग येतो, पण कांद्याचा लगदा होतो. सूपला चालेल, इथे नको.

आणि तुम्ही नाशिकच्या, तेव्हा हे तुम्हाला सहज जमेल: चाळीतला उन्हाळ कांदा घ्या. खरिपाच्या लाल कांद्यात पाणी जास्त, तो आटवायला वेळ लागतो. अलिबागचा पांढरा मिळाला तर उत्तमच, मुळातच गोडसर असतो.

पाटावरवंटा
कांद्याचं वर आलंच आहे, मी पारीबद्दल लिहिते.

करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो. इथे नेमकं उलट. बटर फ्रीजमधून काढून लहान तुकडे करायचे आणि मैद्यात फक्त बोटांच्या टोकांनी चुरायचं, तळहात लावायचा नाही. मुटका वळायची वाट पाहू नका. जाडसर रव्यासारखं दिसलं आणि मधेमधे वाटाण्याएवढे बटरचे तुकडे राहिले की थांबा. हेच तुकडे भाजताना वितळून पारीला पापुद्रे देतात. मग बर्फाचं पाणी, तीन ते पाच मोठे चमचे, गोळा जेमतेम जमेल इतकंच. मळायचं नाही. पोळीची कणीक तिंबायची सवय असते आपल्या हाताला, पण तिंबली की पारी चिवट होते आणि भाजताना आक्रसते. गोळा झाकून तासभर फ्रीजमध्ये.

लाटताना शंकरपाळ्यापेक्षा जरा पातळ, तीन मिलीमीटरच्या आसपास. भांड्यात बसवून काट्याने टोचा आणि पुन्हा 20 मिनिटं गार करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: सारण घालायच्या आधी कोरी पारी भाजून घ्यायची. वर बटर पेपर घालून त्यात कोरडा राजमा किंवा छोले काठापर्यंत भरा, म्हणजे तळ फुगत नाही आणि कडा घसरत नाहीत. 190 अंशांवर 18-20 मिनिटं. मग पेपर आणि राजमा काढून आणखी 8-10 मिनिटं, तळ कोरडा आणि फिकट सोनेरी होईपर्यंत. (तो राजमा नंतर शिजत नाही, पण बरणीत ठेवून पुन्हा पुन्हा याच कामाला वापरता येतो.)

काचेचं भांडं सावकाश तापतं, म्हणून तळ मागे राहतो. सुट्या बुडाचा 23 सेंटीमीटरचा पत्र्याचा साचा घ्या. ओव्हन तापत असताना ओटीजीची काळी ट्रे आतच ठेवा आणि साचा त्या तापलेल्या ट्रेवर सरकवा. पहिली 15 मिनिटं फक्त खालची कॉइल ठेवली तरी चालेल.

स्टुटगार्टकर
तुमच्या नणंदबाईंनी यीस्टची कणीक केली होती का, विचारून बघा. इकडे श्वाबेनमध्ये ती सर्रास वापरतात. वर कांदा, आंबट क्रीम, अंडी, थोडे कॅरावेचे (जिऱ्यासारखे दिसणारे) दाणे आणि बहुतेकदा बेकनचे तुकडे. नवी द्राक्षं आली की अर्धवट आंबलेल्या ताज्या वाइनबरोबर हा खातात, म्हणून तो शरदातलाच पदार्थ. तुम्ही करताय ती बटरची पारी आणि चीज म्हणजे फ्रान्सच्या अल्सेस भागाकडची आणि स्वित्झर्लंडकडची रीत जास्त. दोन्ही छान, पण नणंदेकडच्याच चवीची आठवण असेल तर यीस्टचा एकदा करून पाहा. कॅरावे मात्र चुकवू नका, कांदा पचायला बरा पडतो असं इथल्या आज्या सांगतात.

चिंचपान
सारणाला पाणी सुटण्याचं आणखी एक कारण: अंडं जास्त भाजलं की फाटतं आणि पाणी सोडतं. पारी आधीच भाजलेली असल्यामुळे सारणाला 170 अंशांवर 25-30 मिनिटं पुरतात. साचा हलवल्यावर कडा घट्ट आणि मधला भाग किंचित थरथरला पाहिजे. बाहेर काढल्यावर तो आपोआप बसतो. अर्धा तास कापू नका.

बिनअंड्याचा मी नेहमी करते: 200 ग्रॅम चक्का (रात्रभर टांगलेला, आंबट नको), 100 मिली क्रीम, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, एक चमचा बेसन, मिरपूड आणि जायफळ. कॉर्नफ्लोअरमुळे चक्का फाटत नाही. बेसन आधी कोरडं भाजून घ्या, नाहीतर कच्चट लागतं. हे सारण अंड्यासारखं फुगत नाही, गार होताना घट्ट होतं, म्हणून तो टार्ट आदल्या दिवशी केला तरी चालतो.

चीजचे क्यूब आणि खारं बटर दोन्ही असताना वेगळं मीठ घालू नका. क्यूबचं प्रक्रिया केलेलं चीज वितळतं छान, पण चव एकसुरी. निम्मं गौडा किंवा चेडर घातलं तर फरक लगेच कळतो. ग्रुयेर मिळालं तर प्रश्नच नाही, पण खर्च फार. थोडं किसलेलं चीज आधी पारीच्या तळाला पसरा, मग कांदा, मग बाकी सारण.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार! रानजाई, कांदा शनिवारीच करून ठेवला तर?

रानजाई
जरूर. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. पारीही लाटून साच्यासकट झाकून ठेवता येते. रविवारी फक्त भाजायचं काम उरेल.

गोदाकाठ
काल दोन्ही केले. कांद्याला 50 मिनिटं लागली, पण घरभर जो वास सुटला होता! पारी खालून खुसखुशीत, सुरी लावल्यावर आवाज आला. अंड्याच्या टार्टला यावेळी थेंबभरही पाणी नाही. बिनअंड्याचा थोडा मऊ झाला, पुढच्या वेळी चक्का आणखी घट्ट टांगेन. सासूबाईंनी दोन तुकडे घेतले आणि सकाळी चहाबरोबर उरलेला मागून घेतला, माझ्यासाठी तेच पुष्कळ.

स्टुटगार्टकर, तुमचा अंदाज बरोबर निघाला, नणंदेची कणीक यीस्टचीच होती. तिच्याकडून प्रमाण मागवलं आहे, आलं की इथेच टाकते.