अनुभव धागा : एका दिवसाच्या रानभटकंतीत चालावे किती आणि थांबावे किती?

पाचपाखाडी, ठाणे

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे एका दिवसासाठी कर्नाळ्याला गेलो होतो. अवघ्या १२ चौरस किलोमीटरांचे हे अभयारण्य १९६८ पासून पक्ष्यांसाठी राखलेले आहे हे ठाऊक असूनही आमचे सगळे लक्ष किल्ल्याच्या सुळक्याकडे लागलेले होते. सकाळी आठच्या सुमारास एका वळणावर झाडीत एकाएकी हालचाल वाढली. चष्मेवाले, सुभग, निखार असे लहान पक्षी एकत्र येऊन पाने धुंडाळत पुढे सरकत होते आणि त्यांनी उठवलेले किडे टिपत, शेपटीची दोन लांब पिसे मागे तरंगवत एक भृंगराज त्यांच्या मागोमाग जात होता. ऊन चढण्यापूर्वी वर पोहोचायचे म्हणून आम्ही पाच मिनिटांत तेथून निघालो. उतरताना त्याच वळणावर अर्धा तास थांबलो, परंतु भर दुपारी तेथे एक पानही हलले नाही. ही चुटपुट अजून गेलेली नाही. आपण अशा छोट्या सहलींत चालणे आणि पाहणे यांचा मेळ कसा घालता, ते येथे सविस्तर लिहावे, ही विनंती.

खारघर

कर्नाळ्याला पावसाळ्यातही जाऊन पाहावे. जून ते सप्टेंबर हा तिबोटी खंड्याचा विणीचा काळ. चिमणीएवढा हा पक्षी ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ कोरून घरटे करतो. दोन वर्षांपूर्वी मी अशाच एका दरडीपासून बऱ्याच अंतरावर उभी होते. चोचीत पाल धरून तो फांदीवर येऊन बसला आणि तसाच बसून राहिला, कारण बिळाच्या अगदी समोर तिघे जण कॅमेरे रोखून उभे होते. पिल्ले आत भुकेली, घास चोचीत आणि वाट माणसांनी अडवलेली, हे पाहून मला फार वाईट वाटले. मी त्यांना हात जोडून मागे येण्यास सांगितले. ते मागे सरल्यावर मिनिटभरातच तो निळ्या-नारिंगी ठिणगीसारखा बिळात शिरला. कुठे थांबायचे हे कळले नाही, तर थांबण्याचाही पक्ष्याला त्रासच होतो, असे तेव्हापासून माझे मत झाले आहे.

ऐरोली

आमच्याकडे डोंगर चढायचा नाही, बोटीत बसायचे आहे. मात्र वेळेचे गणित येथे रानापेक्षाही कडक आहे. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेले. पक्षी चिखलात चरतात, त्यामुळे पूर्ण भरतीला त्यांना जागाच उरत नाही. आणि पूर्ण ओहोटीला चिखल उघडा पडला की बोट पुढे सरकत नाही. मधला थोडा वेळ काय तो आपला. घरी वडील सांगत, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. म्हणजे अष्टमीला सहा वाजता, तर पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. मी अजूनही फेरी ठरवताना आधी कालनिर्णय पाहतो आणि मगच चौकशी करतो. मार्चमधल्या एका फेरीत बोटवाल्या दादांनी तिवरांपाशी इंजिन बंद केले, तेव्हा हजारो चोची पाणी गाळत असल्याचा बारीक आवाज पहिल्यांदा कानांवर आला. त्याआधीच्या दोन फेऱ्यांत मी केवळ गुलाबी रंग पाहून परतलो होतो.

वर्तकनगर, ठाणे

मी ठाण्याजवळच्या येऊरच्या रानातील मचाणावरच्या एका रात्रीविषयी लिहितो. वैशाखात रानातले पाणी आटते, जनावरे उरलेल्या पाणवठ्यांवर येतात आणि चंद्राचा उजेड असतो, म्हणून बुद्धपौर्णिमेला वनखात्यातर्फे प्राण्यांची नोंद घेतली जाते. दुपारीच आम्हाला मचाणावर चढवण्यात आले. अत्तर नको, बोलणे नको, विजेरी नको, अशी ताकीद होती. पहिले चार तास माकडे आणि एक मुंगूस. अंधार पडल्यावर रातवा या निशाचर पक्ष्याचा चक-चक-चक असा एकसुरी आवाज सुरू झाला. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि उगाच आलो, असेही मनात येऊन गेले.

साडेअकराच्या सुमारास सांबराची एक मादी झाडीच्या कडेला दिसली. पाणी तिच्यापासून पंधरा पावलांवर असेल. एवढे अंतर तोडायला तिने पस्तीस मिनिटे घेतली. एक पाऊल टाकायचे, कान आळीपाळीने फिरवायचे, मान वर करून वास घ्यायचा. एकदा तिने पुढचा पाय जोरात जमिनीवर आपटला. संशय आला की सांबर असे करते, हे मी वाचले होते, पण तो धप्प आवाज मचाणाच्या फळीतून माझ्या तळव्यांना जाणवला. शेवटी ती प्यायली ती जेमतेम दोन मिनिटे. आम्ही तहान लागली की बाटली तोंडाला लावतो. त्या रात्री बिबट्या दिसला नाही, आणि परतताना त्याची आठवणही झाली नाही.

कळवा

माझे मत किंचित वेगळे आहे. चढाईला गेल्यावर चढावे. गेल्या हिवाळ्यात आसनगावहून माहुली किल्ल्यावर गेलो, तेव्हा वाटेत फारसे काही पाहिले नाही, आणि त्याचे दुःखही वाटले नाही. परंतु शिडी चढून माथ्यावर पोहोचल्यावर कड्यापाशी बसलो असता एक सर्पगरुड शीळ घालत आमच्या पायांखालून गेला. खालून नेहमी त्याच्या पंखांखालचा पांढरा पट्टा दिसतो; येथे त्याची तपकिरी पाठ, उन्हात पसरलेली प्रत्येक पिसाची कड आणि वाऱ्यासरशी वळणारी मान, सारे वरून दिसत होते. आम्ही डबे उघडायचे विसरून तो दरीत उतरेपर्यंत पाहत राहिलो.