१९११ पिस्तुलात हलके हॅन्डलोड (घरी भरलेली काडतुसं) चालवतोय, रिकॉइल स्प्रिंग किती पाउंडाची लावू?

सातारकर_ओहायो:
नमस्कार मंडळी. मी कोलंबसला असतो, मागच्या हिवाळ्यापासून बुल्सआय चालू केलंय, म्हणजे एकहाती, २५ आणि ५० यार्डवाली नेमबाजी. पिस्तूल ५ इंची १९११, .४५ एसीपी, आतमध्ये स्टँडर्ड १६ पाउंडाची रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइडला (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) परत पुढे ढकलणारी. विकतच्या २३० ग्रेन बॉलवर (गोल नाकाची, फुल ताकदीची काडतुसं) एकदाही अडलं नाही. पण मॅचला २७० शॉट, त्यातले १८० मी .४५ नेच मारतो, एवढे फुल लोड एका हातानं मारले की शेवटच्या रॅपिडला (दहा सेकंदात पाच शॉट) मनगटात जीवच राहत नाही. म्हणून स्वतः लोड करायला लागलो, २०० ग्रेन शिशाची सेमी-वॅडकटर (सपाट नाकाची, कडेला खांदा असलेली बुलेट), मॅन्युअलमधल्या स्टार्टिंग लोडच्या जरासं वर, क्रोनोग्राफवर (वेग मोजायचं यंत्र) सरासरी ६९० फूट दर सेकंद. कागदावर ग्रुप मस्त येतोय, माझ्या हातून एवढा छान कधीच आला नव्हता. पण दर मॅगझिनला एखादा स्टोव्हपाइप होतोच, रिकामी पितळी केस उभी अडकते नाहीतर माझ्या बुटापाशी पडते, आणि शेवटच्या राउंडनंतर स्लाइड मागे लॉक होत नाही. रेंजवर एक जण म्हणाला स्प्रिंगचे दोन वेढे काप, काम होईल. कापू का? की नवी घेऊ, आणि घेतली तर किती पाउंडाची? की पावडरच थोडी वाढवू?

जुना_बुल्सआय:
कापू नका. वेढे कापले की स्प्रिंग मऊ होते असं वाटतं, पण उरलेला प्रत्येक वेढा तेवढाच कडक असतो, उलट इंचामागे स्प्रिंग जास्त कडक होते, आणि कमी होतो तो सुरुवातीचा दाब, म्हणजे स्लाइड पुढे येऊन बंद होताना शेवटच्या घटकेला जो जोर लागतो नेमका तोच. सेमी-वॅडकटरच्या खांद्याला तोच जोर हवा असतो. नव्या स्प्रिंगा फार महाग नसतात, वुल्फच्या १९११ साठी एकेक दोन-दोन पाउंडाच्या फरकानं मिळतात, १०, ११, १२, १३, १४ घेऊन ठेवा, आयुष्यभर उपयोगी पडतील.

आता किती पाउंडाची ते. वजन गुणिले वेग धरा, विकतचं २३० ग्रेन गुणिले ८३० म्हणजे साधारण १९१ हजार, तुमचं २०० गुणिले ६९० म्हणजे १३८ हजार. स्लाइडला मिळणारा धक्का ७२ टक्के झाला. १६ चे ७२ टक्के म्हणजे साडेअकरा. पण स्लाइडमधली ऊर्जा वेगाच्या वर्गानं बदलते, त्या हिशोबानं ती निम्म्यावर आली, मग उत्तर सव्वाआठच्या आसपास निघतं. आणि स्लाइड मागे जाताना नुसती रिकॉइल स्प्रिंग दाबत नाही, हॅमरही कॉक करते (मागे ढकलून सज्ज करते), त्याच्यामागे मेनस्प्रिंग आहे २३ पाउंडाची आणि ती काही तुमचं लोड हलकं झालं म्हणून हलकी होत नाही. म्हणून हे गणित फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगतं, खरं उत्तर पिस्तूल देतं. मी तुमच्या जागी असतो तर १२ लावून सुरू केलं असतं.

पावडर वाढवू नका, निदान या कारणासाठी तरी नाही. जे लोड ५० यार्डला जमलंय ते सांभाळायचं आणि स्प्रिंग त्याच्या मापाची करायची. लोक उलटं करतात, स्प्रिंग तीच ठेवून पावडर वाढवत बसतात, पिस्तूल चालायला लागतं पण ग्रुप जातो.

टेस्ट अशी करा. मॅगझिनमध्ये एकच राउंड, मॅचला धरता तसंच एका हातानं, मुद्दाम घट्ट आवळून नाही. स्लाइड मागे लॉक झाली पाहिजे. असं दहा-बारा वेळा. मग मॅगझिन पूर्ण भरून, कारण भरलेल्या मॅगझिनमधला वरचा राउंड काढायला स्लाइडला सगळ्यात जास्त जोर लागतो, स्प्रिंग फार हलकी असेल तर तिथेच कळतं, स्लाइड शेवटचे दोन मिलिमीटर राहून जाते. या दोन्हीत पास होणारी सगळ्यात जड स्प्रिंग ती तुमची. हलकीतली हलकी शोधत जाऊ नका.

पितळवेचा:
वरच्यांनी स्प्रिंगचं सगळं सांगितलंय त्यामुळे मी दुसऱ्या टोकाचं बोलतो, कारण मला स्वतःला यात मार बसलाय. मी १० पाउंडाची लावली होती, केस छान पाच-सहा फुटांवर पडायला लागल्या, मी खूश, आणि मग तिसऱ्या मॅगझिनपासून स्लाइड पूर्ण बंद होईना, अंगठ्यानं ढकलावी लागायची. मी आठवडाभर स्प्रिंगलाच दोष देत होतो. निघालं काय तर चेंबरमध्ये (बॅरलमध्ये राउंड बसतो ती जागा) शिसं आणि ल्यूबचा (बुलेटवरच्या वंगणाचा) थर, आणि माझ्या बुलेटचा खांदा केसच्या तोंडाच्या वर जरा जास्तच राहत होता. जड स्प्रिंग ते सगळं ढकलून नेत होती म्हणून इतके दिवस दिसलं नाही एवढंच. तेव्हा आधी बॅरल काढा, हातात धरून चेंबरमध्ये राउंड सोडा, टक्क आवाज येऊन पूर्ण आत बसला पाहिजे आणि उलटं केल्यावर आपोआप बाहेर पडला पाहिजे. खांदा नखाच्या जाडीएवढाच वर ठेवा, टेपर क्रिंप (केसचं तोंड आत दाबणं) तोंड सरळ होण्यापुरतं. एक्स्ट्रॅक्टर (केस ओढून काढणारा आकडा) फार घट्ट असेल तर तेही बघा, हलक्या स्प्रिंगला ते झेपत नाही.

अजून एक, स्लाइडवर रेड डॉट (लाल ठिपक्याची साइट) आहे का? असेल तर वजन वाढलं, स्लाइड मागे कमी वेगानं जाते आणि पुढेही जड येते, मग दुसऱ्याच्या पिस्तुलातला आकडा तुम्हाला लागू नाही. आणि फायरिंग पिन स्टॉप (स्लाइडच्या मागची, फायरिंग पिन अडवणारी पट्टी) कुठला आहे, खालची कड चौकोनी की गोलसर? चौकोनी असेल तर हॅमर कॉक करायला स्लाइडला जास्त झगडावं लागतं, फुल लोडला चांगला पण तुमच्या लोडला नको.

नाशिकचा_नेमबाज:
माफ करा मधेच विचारतो. माझ्याकडे लायसन्सवरचं .३२ पिस्तूल आहे, त्यातही अधूनमधून केस अडकते. हलकी स्प्रिंग मिळवून टाकली तर चालेल का?

जुना_बुल्सआय:
नाशिककर, तुम्ही हे अजिबात करू नका. १९११ मध्ये बॅरल आणि स्लाइड एकमेकांत अडकून थोडं अंतर एकत्र मागे जातात, तोवर बुलेट बाहेर गेलेली असते, मग बॅरल खाली येतं आणि सुटतं. म्हणजे ब्रीच (बॅरलचं मागचं तोंड) बंद ठेवायचं काम स्प्रिंगचं नाहीच. .३२ एसीपीची बहुतेक पिस्तुलं ब्लोबॅक असतात, तिथे कुलूपच नाही, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग यांच्यावरच सगळा भार. तिथे स्प्रिंग हलकी केली की स्लाइड जास्त वेगानं मागे येऊन फ्रेमवर आपटते. शिवाय तुम्ही विकतची काडतुसं वापरता, लोड हलकं नाहीये, मग स्प्रिंग हलकी करायचं कारणच उरत नाही. तुमच्याकडे मळ, सुकलेलं तेल, झिजलेला एक्स्ट्रॅक्टर किंवा मॅगझिनचे वाकलेले ओठ असं काहीतरी असणार. लायसन्सवाल्या गनस्मिथकडे न्या. आणि इथे आम्ही घरी काडतुसं भरतो ते वाचून तिकडे कुणी करायला जाऊ नका, आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे काडतूस बनवायलाही परवाना लागतो.

टेक्सासची_मावशी:
सातारकर भाऊ, तुम्ही हलक्या लोडमध्ये नवे आहात म्हणून काळजीनं लिहिते, स्प्रिंगपेक्षा हे महत्त्वाचं. फास्ट पावडरचं एवढं छोटं चार्ज .४५ च्या केसमध्ये तळाशी बसतं, चुकून दोनदा पडलं तरी आत मावतं आणि बुलेटही बसते. प्रत्येक केसमध्ये बुलेट ठेवण्याआधी दिवा लावून बघायचं, प्रत्येक म्हणजे प्रत्येक. दुसरं म्हणजे पावडर पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरनं (पावडर पेटवणारी टोपी) बुलेट बॅरलमध्ये जाऊन अडकते. फुस्स आवाज आला, धक्का कमी लागला, की तिथेच थांबा. रॅपिड चालू असलं तरी थांबा, पाच शॉट दहा सेकंदात मारायची घाई असते आणि हात आपोआप स्लाइड ओढतो, तेच नको व्हायला. पिस्तूल रिकामं करून बॅरलमधून उजेड दिसतो का बघा. आणि कमी वेगाला जॅकेटवाली बुलेट वापरू नका, शिशापेक्षा ती बॅरलमध्ये जास्त घासते, अडकायची शक्यता वाढते.

मी यूएसपीएसए (अमेरिकेतली प्रॅक्टिकल नेमबाजी) खेळते, ९ एमएम, १४७ ग्रेन, पॉवर फॅक्टर (तेच वजन गुणिले वेग, हजारात) १२५ च्या जरासंच वर. माझं पिस्तूल स्ट्रायकरवालं (हॅमर नसलेलं) आहे, त्यात आणखी एक भानगड असते. स्लाइड बंद होताना स्ट्रायकरची स्प्रिंग रिकॉइल स्प्रिंगच्या विरुद्ध ओढते, म्हणून रिकॉइल स्प्रिंग फार हलकी केली की स्लाइड पूर्ण पुढे जातच नाही. हॅमरवाल्या १९११ ला हा प्रश्न नाही, पण इतर कुणी हे वाचून आपल्या पिस्तुलात १२ टाकेल म्हणून लिहिलं.

सातारकर_ओहायो:
सगळ्यांचे मनापासून आभार, मावशींचे विशेष, मी आतापर्यंत पाचातली एक केस उघडून बघत होतो, आता रीलोडिंग बेंचवर छोटा एलईडी दिवाच लावलाय.

रिपोर्ट देतो. डॉट माझा स्लाइडवरच आहे. फायरिंग पिन स्टॉप गोलसर निघाला म्हणून तो तसाच ठेवला. बॅरल काढून राउंड सोडून बघितले तर वीसातले तीन पूर्ण आत बसेनात, म्हणजे पितळवेचा म्हणतात तेच, सीटिंग डाय (बुलेट केसमध्ये बसवणारा साचा) अर्धा फेरा खाली घेतला आणि ते सरळ झालं. जुनी १६ ची स्प्रिंग नव्या १६ च्या शेजारी ठेवली तर जुनी अर्धा इंच आखूड होती, म्हणजे थकलेली होती आणि तरी माझं लोड तिला दाबू शकत नव्हतं!

१४ लावली, दहातले चार लॉक झाले. १३ वर आठ. १२ वर दहाच्या दहा, केस उजवीकडे चारेक फुटांवर. ११ वर पण दहा, पण भरलेल्या मॅगझिनमधून पहिला राउंड एकदा अडखळला, आणि इथे सकाळी रेंजवर थंडी असते, तेल घट्ट होतं, म्हणून ११ बाजूला ठेवली. १२ वर काल नव्वद शॉट मारले, एकही अडला नाही.

एकच विचारायचं राहिलं, १२ ची स्प्रिंग असताना कधी विकतचे २३० ग्रेन मारले तर चालतात का?

जुना_बुल्सआय:
दोन-चार मारले तर पिस्तूल लगेच मोडत नाही, पण सवय लावू नका, स्लाइड फ्रेमवर जोरात आपटते आणि ते नुकसान हळूहळू होतं, दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. १६ परत टाकायला दोन मिनिटं लागतात. आणि १२ ची लांबी आत्ताच मोजून लिहून ठेवा, म्हणजे ती कधी थकली ते कळेल.

सातारकर_ओहायो:
मोजून वहीत लिहिली. बायकोचं नेलपॉलिश घेऊन स्प्रिंगच्या टोकाला रंग दिलाय, १६ ला लाल, १२ ला निळा, आणि राउंडच्या डब्यांनाही तेच रंग. शनिवारी मॅच आहे, निळा डबा घेऊन जातोय.