मदत हवी आहे: फूटभर झालेला सकरमाऊथ मासा आणि दोन कासवं कोणाला द्यायची? (डिचोली, गोवा)

डिचोलीची_सून:
नमस्कार मंडळी. भाचा इंजिनियरिंगला पुण्याला गेला आणि त्याची चार फुटी टाकी आमच्या बाल्कनीत आली. गप्पी, मॉली शेजारच्या पोरांनी हसत नेले. उरलेत ते कोणालाच नकोत. एक टँक क्लीनर, सकरमाऊथ हो, दुकानात बोटाएवढा असतो तो आता फूटपट्टीच्या बाहेर जातो, आणि दोन कासवं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली. परवा पाणी बदलताना माशाला जाळीत घेतला तर बाजूच्या पंखांचे काटे असे अडकले की कात्रीने जाळी कापावी लागली, अंगावर खवले नाहीतच, सगळी हाडाची खरखरीत कवचं.

दुकानवाला म्हणतो, एवढा मोठा कोण घेणार मॅडम, मये तळ्यात सोडा. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाला मोकळं कर, पुण्य लागेल. नवरा म्हणतो पाऊस लागलाय, व्हाळात (ओढ्यात) सोड, आपली वाट आपण शोधेल. अहो तीच तर भीती! आता चढणीचे मासे शेतात येतायत, त्याच पाण्यातून हा कुठेही पोचेल. उजनी धरणात हेच मासे जाळ्यात येऊन जाळी फाडतात, बाजारात विचारत कोणी नाही, हे घरी सांगून बघितलं, पण उजनी लांब पडते ना. तर सोडायचा नाही हे पक्कं, मग करायचं काय?

खाजनातला:
वयनी, घरच्यांना उजनी नको, चोडणला आणून आमचा बांध दाखवा. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, तिकडे नदीच्या मातीच्या काठात बिळं करून अंडी घालतो आणि नर राखण करत बसतो. आमचे खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतांचे, बांध म्हणजे चिखलमातीच, कुर्ल्यांच्या (खेकड्यांच्या) बिळांनीच जीव मेटाकुटीला येतो, त्यात हा आणखी कशाला? थोडं मचूळ पाणीही सोसतो, पावसात खाजनातलं खारेपण उतरलं की त्याचं फावलं. आणि मानशीचा (बांधाच्या दारातल्या मासेमारीचा) लिलाव घेणारा पैसे मोजतो तो काळुंद्रां, चोणक हे मासे आणि सुंगटांसाठी (कोळंबीसाठी), जाळ्यात असला काटेरी दगड आला तर शिव्या कोणाला देणार?

उगाच_एक:
एका माशाने काय होतं? तिलापिया मासा १९५२ मध्ये सरकारनेच देशात आणला, आज सगळीकडे आहे, आपण खातोय पण. उगाच टेन्शन.

खाजनातला:
तिलापिया निदान कढीत जातो 🙂 आणि एक मासा तुम्ही सोडणार, एक वरच्या मजल्यावरचा, एक पेईंग गेस्ट खोली सोडताना. असेच जमतात. केरळात २०१८ च्या पुरानंतर अरापैमा मासे नदीत सापडले, ते काय अमेझॉनमधून पोहत आले? कोणाच्या तरी तळ्यातूनच सुटलेले ना.

फोंड्याचा_टाकीवाला:
आधी मोठ्या टाकीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाका, फुकट म्हटलं की कोणी ना कोणी येतो. पण त्याची टाकी विचारून घ्या, नाहीतर तो महिन्याभराने व्हाळाकडे जायचा. जुन्या गोव्याच्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थेत मासेवाले शास्त्रज्ञ आहेत, तिथेही विचारायला हरकत नाही.

कोणीच नाही मिळाला तर लवंगाचं तेल. वाईट वाटेल, पण ऐका. थोड्या कोमट पाण्यात तेल घालून बाटली जोरात हलवायची, पाणी दुधाळ झालं की माशाच्या बादलीत थोडंथोडं ओतायचं. मासा गुंगीत जातो, मग आणखी ओतायचं, आणि कल्ले हलायचे थांबले तरी बराच वेळ तसाच ठेवायचा, कारण हा तोंडाने हवा गिळून जगणारा, पाण्याबाहेरही तासन्‌तास टिकतो. जिवंत फ्रीजरमध्ये टाकू नका, ते हालच. नंतर माडाच्या मुळात खोल पुरा.

टाकीचं पाणी पण गटारात नको हां! कुळागरात (बागेत), झाडांच्या मुळात ओता. गोगलगायींची अंडी आणि शेवाळाचे, वनस्पतींचे तुकडे त्यातूनच जातात. जलपर्णी पण कोणीतरी शोभेसाठीच आणली होती, साळ नदीत आता काढून काढून दमतात.

सत्तरीकार:
कासवांचं वेगळं. लाल पट्टा म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, अमेरिकेतलं, जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर परक्या जीवांच्या यादीत आहे. दुकानात रुपयाएवढं असतं, मग ताटलीएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं, आपल्या तळ्यातल्या कासवांचं खाणं आणि उन्हात बसायच्या जागा बळकावतं. पट्टा नीट बघा, नसेल तर ते देशी कासव असू शकेल, आणि ते घरात ठेवणं गुन्हा आहे, लगेच वनखात्याला कळवा. स्लायडर असतील तरी वनखात्याला फोन करून विचारा. हात लावल्यावर साबणाने धुवा, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असतो, घरात लहान मूल असेल तर जास्तच जपा.

डिचोलीची_सून:
देव बरें करूं सगळ्यांना. बांधाचं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांचं माहेर दिवाडीचं, तिथेही खाजनंच, त्यांना लगेच पटलं, नवऱ्याला मात्र अजून नाही. ग्रुपवर फोटो टाकते. लवंगाचं तेल दातदुखीसाठी मेडिकलमध्ये मिळतं ती छोटी बाटलीच चालते का, की आयुर्वेदिकवाल्याकडचं घ्यायचं? आणि कासवांना तोपर्यंत टबमध्ये ठेवलं तर चालेल ना, वर जाळी बांधून? एक जण रात्री काठावर चढून बसतो.